बँडवाल्यांची बिदागी

लग्नाच्या खर्चात आपण घासाघीस नेमकी कुठे करतो, हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे. कार्यालयाचे भाडे छापील असते, तिथे कोणी तोंड उघडत नाही. सराफाच्या घडणावळीपुढेही मान डोलावली जाते. सारा करारीपणा राखून ठेवलेला असतो तो बँडवाल्यासाठी. "नुसतं वाजवायचं तर आहे, त्याला एवढे?"

त्या 'एवढ्या'चे पुढे काय होते? हिशेबापुरते धरू, की वीस जणांच्या ताफ्याची सुपारी तीस हजारांना ठरली. टेम्पो, गणवेशांची धुलाई, वाद्यांची डागडुजी, दुकानाचे भाडे आणि मालकाचा वाटा यांत बारा हजार गेले. उरलेल्या अठरांचे माणशी नऊशे होतात. पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांना जास्त द्यावे लागतात, म्हणून खुळखुळेवाला नि दिवे धरणारे पाचशेवर येतात. दुपारी घर सोडलेला माणूस मध्यरात्री परततो. बरे, मुहूर्त काही बारमाही नसतात. चातुर्मासात गणपती-नवरात्राचा काय तो आधार. तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू. मधल्या दिवसांत मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर वाजवून ती फेडायची. उचल घेतलेला माणूस दर वाढवून मागणार कसा? बँकेकडे जावे, तर उत्पन्नाचा कागद नाही. मी अनेक वर्षे कर्जाचे अर्ज तपासले. म्हैस तारण म्हणून चालत असे, युफोनियम चालल्याचे मला आठवत नाही.

आपण दर पाडला की मालक वादक कमी करतो. गणवेश वीसच दिसतात, पण त्यातले काहीजण वाद्य नुसते ओठाला लावून चालतात. वधूपिता डोकी मोजतो, सूर मोजत नाही.

गंमत अशी की गाण्यांचे पैसे इथे कोणाला द्यावे लागत नाहीत. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने लग्नाच्या वरातीला त्यातून सूट दिली आहे. आपण देतो ते निव्वळ छातीतल्या दमाचे.

खरे भांडण पेटते ते रात्री दहाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत २०१० साली दुरुस्ती झाली आणि ध्वनिक्षेपकांबरोबर वाद्येही रात्री दहा ते सहा उघड्यावर वाजवण्यास बंदी आली. वरात निघते दोन तास उशिरा, कारण नवरदेवाचे मित्र आलेले नसतात. दहाला पोलीस बँड थांबवतात आणि यजमान म्हणतात, "पूर्ण कुठे वाजवलंत?" उशीर आपला, कपात त्यांच्या पैशांत. २०२० साली तर पन्नास माणसांची लग्ने झाली आणि वरातीच बंद पडल्या. अनेक घरांत दिलेला विसारसुद्धा परत मागितला गेला.

सुपारी देताना एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: वाजवणारे किती, वेळ कुठून कुठपर्यंत, उशीर झाला तर तासाला काय आणि उरलेली रक्कम कधी. ती वरात निघण्यापूर्वी द्यावी. नंतर पाकीट कोणत्या मामांकडे आहे, हे कोणालाच सापडत नाही. बँडवाल्यांचे जेवण शेवटच्या पंगतीवर ढकलू नये. भरल्या पोटी लगेच फुंकता येत नाही, म्हणून ते वरातीच्या निदान तासभर आधी व्हावे. आणि नाचताना ओवाळलेल्या नोटा? त्या कोणाकडे जातात, हे ताफ्याताफ्यांत वेगळे असते. मास्तरांना विचारून घ्यावे आणि त्या बिदागीत धरू नयेत.