कायम ठेवावे की न ठेवावे? न्यायाधीश आणि मतदार

अमेरिकेतील कित्येक राज्यांत नोव्हेंबरच्या निवडणुकीस गेलेल्या नागरिकास, राष्ट्राध्यक्षापासून शाळासमितीपर्यंतच्या उमेदवारांची नावे ओलांडून झाल्यावर, मतपत्रिकेच्या तळाशी एक निराळाच प्रश्न भेटतो : अमुक न्यायाधीशास पदावर कायम ठेवावे काय? समोर प्रतिस्पर्धी नाही, पक्षाची निशाणी नाही. एक नाव, आणि त्यापुढे 'होय' व 'नाही' एवढीच सोय. ज्याने शहाण्याच्या रीतीने उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्याने हा कौल कशाच्या आधारे द्यावा?

न्यायाधीश थेट निवडून देण्याची चाल त्या देशात जुनी आहे, आणि तिच्यामुळे पक्षांचे पुढारी व न्यायासन यांच्यात जे सख्य जमे त्याची किळस येऊनच १९४० साली मिझुरी राज्याने एक तोड काढली. समितीने लायक माणसांची नावे सुचवावीत, गव्हर्नराने त्यांतून एकाची नेमणूक करावी, आणि काही काळ काम पाहून मग मतदारांनी त्यास ठेवावे किंवा निरोप द्यावा, अशी ती योजना होती. नेमणुकीत सुज्ञांचा हात आणि कायम राहण्यात जनतेचा शब्द, असा हा समेट दिसावयास सुबक होता. परंतु जनतेस ते काम दिसावे कसे, याचा बंदोबस्त करावयाचे राहूनच गेले.

ही उणीव सरकारी रीतीने भरून काढण्यात पुढाकार अलास्काने घेतला. तेथे १९६४ साली वकीलमंडळाच्या कारभारावरून वकील आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात मोठा कलह जुंपला, आणि त्याच वर्षी त्या न्यायालयाच्या हॅरी अरेन्ड या न्यायमूर्तींना मतदारांनी पदच्युत केले. पुढे १९७५ साली विधिमंडळाने कायदा करून न्यायपरिषदेवर प्रत्येक न्यायाधीशाच्या कामाची तपासणी करण्याची व तिचा निष्कर्ष मतदारांपुढे मांडण्याची जबाबदारी टाकली. या परिषदेत तीन वकील, वकिलीशी संबंध नसलेले तीन नागरिक आणि अध्यक्षस्थानी मुख्य न्यायमूर्ती, असे सात जण बसतात. न्यायाधीशापुढे काम चालवणारे वकील, पोलीस अंमलदार, कचेरीतील कारकून, ज्यूरीवर बसून गेलेले नागरिक, या साऱ्यांकडे प्रश्नावल्या जातात आणि कायद्याचे ज्ञान, निःपक्षपात, सचोटी, स्वभाव, उद्योगशीलता यांस एक ते पाच असे गुण मागितले जातात. अपिलात किती निकाल टिकले हे पाहिले जाते. आणि कारण न सांगता न्यायाधीश बदलून मागण्याची जी मुभा तेथील पक्षकारांस आहे, ती एखाद्या न्यायाधीशाविरुद्ध किती वेळा वापरली गेली, हेही मोजले जाते. मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती पगाराची अट : सहा महिन्यांहून अधिक काळ आपल्यापुढे कोणताही निर्णय तुंबून राहिलेला नाही, असे प्रतिज्ञापत्र दिल्याखेरीज तेथे न्यायाधीशास वेतन मिळत नाही. तारखांवर तारखा घेऊन ज्यांच्या पिढ्या झिजल्या, त्या आपल्या पक्षकारांस हे कलम वाचून दाखवले तर ते त्यास परीकथेतच जमा करतील.

युटा राज्याने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. तेथे शिकवून तयार केलेले सामान्य नागरिक कोर्टात मागील बाकावर बसतात आणि न्यायाधीशाने हरणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले काय, त्यास मनुष्य म्हणून वागवले काय, याची टिपणे करतात. निकाल बरोबर की चूक, हा त्यांचा प्रांत नव्हे. प्रतिकूल अहवाल प्रथम न्यायाधीशाच्याच हाती पडतो, आणि त्याने पुन्हा कौल न मागण्याचे ठरवले तर तो प्रसिद्ध होत नाही. या व्यवस्थेचा खरा वाचक मतदार नसून न्यायाधीशच आहे, असे माझे मत झाले आहे. कारण मतदार बहुधा 'होय' म्हणूनच पुढे जातो, परंतु आपल्या तुसडेपणाची नोंद कोणी घेत आहे हे कळलेला न्यायाधीश पुढल्या दिवशी निराळ्या स्वरात बोलण्याचा संभव असतो. आपल्याकडेही दुय्यम न्यायाधीशांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात. मात्र ते लोकांपुढे मांडले जात नाहीत.

आक्षेप अर्थातच आहेत. नाव न सांगता गुण देणारा वकील कालच्या पराभवाचा सूड उगवीत नसेल कशावरून? स्त्री-न्यायाधीशांस अशा प्रश्नावल्यांत अकारण कमी गुण मिळतात, असेही काही अभ्यासकांनी दाखवले आहे. पण सर्वांत अवघड गाठ याहून निराळी आहे. तपासणी मोजते ती वागणूक, आणि मतदार खवळतो तो निकालावर. कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी १९८६ साली गेले ते देहान्तशिक्षेच्या प्रश्नावर. आयोवाचे तीन न्यायमूर्ती २०१० साली गेले ते समलिंगी विवाहास मान्यता दिल्यामुळे.

खुद्द अलास्कातही हेच घडले. २०१८ च्या सप्टेंबरात एका स्त्रीवर अघोरी अत्याचार करणाऱ्या आरोपीने सरकारी वकिलाशी तडजोड करून गुन्हा कबूल केला, ती तडजोड न्यायाधीश मायकेल कोरी यांनी मान्य केली, आणि घरी नजरकैदेत काढलेला काळ शिक्षेत धरला गेल्याने आरोपीस तुरुंगात आणखी एकही दिवस काढावा लागला नाही. न्यायपरिषदेने कोरी यांना कायम ठेवण्याची शिफारस केली होती. शिक्षा कायद्याच्या मर्यादेत होती, आणि ती मर्यादा आखणारे विधिमंडळ होते, न्यायाधीश नव्हेत. नोव्हेंबरात मतदारांनी कोरी यांना काढले. कायद्यातील ती पळवाट विधिमंडळाने बुजवली, पण पुढील वर्षी.