कुंकू गेलं, सातबाऱ्याचं काय?

डोळखांब पट्ट्यात उन्हं तापली की राब भाजायची गडबड उडते. शेण, कवळ, पालापाचोळा अंथरायचा, वर माती लोटायची, वारा पडलेला बघून पेटवायचं. शेतकरी बंधूंनो, या दिवसांत तुमच्याच आळीत एक घर बघा. गडी माणूस गेलेला, पदरात दोन-तीन पोरं, सासू थकलेली. बाई एकटी राब भाजते. पावसाळ्यात आधी दुसऱ्याच्या चिखलात उभी राहते, तेव्हा कुठं तिच्या खाचराला बैलजोडी किंवा टिलर मिळतो. नांगराला बाईनं हात लावायचा नाही, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. मग तिची लावणी सगळ्यांच्या मागून, आणि उशिरा लावलेलं भात शेवटचा पाऊस चुकला की पोचट राहतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पण तिचं खरं दुखणं खाचरात नाही, कागदात आहे.

नवऱ्याचं दिवसकार्य होतं, पाहुणे पांगतात. दीर, भाया म्हणतात, “नाव लावायची घाई काय? आम्ही आहोत ना!” बाईलाही भावकीशी वाकडं नको असतं. वर्ष जातं, चार जातात. मग दिवाळीनंतर भात खरेदी केंद्रावर न्यायचं तर सातबारा मागतात. सोसायटीचं पीककर्ज हवं, सातबारा. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये, तिथंही तेच. आणि सातबाऱ्यावर अजून मयताचंच नाव. नाहीतर थोरल्या दिराचं, पुढं ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, पण वीस वर्षं एकच नाव वाचलं की गावालाही तोच मालक वाटू लागतो.

दुसरी गफलत याहून बारीक. वारस नोंदीत पोरांची नावं चढतात आणि आई लागते ती ‘अ.पा.क.’ म्हणून, अज्ञान पालन कर्ती. बाई समजते, आपलं नाव लागलं. मुलगा 18 वर्षांचा झाला की ती पालक नोंद निघते आणि आई सातबाऱ्यावरून जाते! 1956 चा हिंदू वारसा कायदा सांगतो की मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. तेव्हा पालक म्हणून वेगळी नोंद आणि स्वतःच्या हिश्श्याची वेगळी, दोन्ही हव्यात. पुढं तिनं दुसरं लग्न केलं, तरी वारसानं एकदा मिळालेला हिस्सा परत घेता येत नाही. आणि अज्ञान पोरांचा हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिनंही विकायचा नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही. आपल्या भागात ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरं पुष्कळ, तिथं रूढी बघावी लागते. वनहक्काच्या पट्ट्याचं मात्र स्पष्ट आहे. 2006 च्या कायद्यानं तो नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो.

खरं तर हे सगळं नवरा जिवंत असतानाच व्हायला हवं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली ती यासाठीच. 1992 साली सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायचा निर्णय काढला. किती जणांनी लावलं, ते तुम्ही स्वतःच्या उताऱ्यावरच बघा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना आठवण असेल, मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. चांगलंच झालं. पण कपाळावर कुंकू राहिलं आणि उताऱ्यावर नाव नाही, तर सोसायटीचा सचिव कपाळ बघून कर्ज देत नाही.

2025 साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. मयत खातेदारांच्या जागी वारस लावायचे, असं गावोगाव काम झालं. त्यातही ज्या बाईनं अर्जच दिला नाही ती राहिली असेल. तिच्यासाठी रस्ता बंद नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन तलाठी कार्यालयात जायचं (पद आता ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात). कायद्यानं तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. दिरानं हरकत घेतली तर सुनावणी होते, तिथं बाईनं स्वतः हजर राहावं, भावाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला सोबत न्यावं. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. ‘हक्कसोड’ हा शब्द कानावर आला की आधी वाचून घ्यावं, कशाचा हक्क सोडतोय ते.

जोडीला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज शहापूर तहसीलला द्यावा. 2023 पासून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी दिवसकार्य आटोपल्यावर त्या घरी एकदा जावं. अर्ज लिहून द्यावा आणि शिक्क्याची पोच तिच्या हातात ठेवूनच उठावं.