मोहल्ल्यातील वाचनालय
सरकारी दफ्तरातील तजवीज हुकुमाची वाट पाहत पडून राहते. परंतु जानेवारी २०२१ मध्ये, करोनामुळे प्राथमिक शाळांना कुलपे असताना, छत्रपती संभाजीनगरच्या बायजीपुरा मोहल्ल्यात एका शाळकरी मुलीने, पुस्तकविक्रेत्या वडिलांच्या आधाराने, मोजक्या पुस्तकांवर बालवाचनालय उघडले, आणि ‘रीड अँड लीड फाउंडेशन’च्या आश्रयाने तो उपक्रम शहरातील इतर वस्त्यांत पसरला.

अशी वाचनालये हवीतच, कारण अक्षरओळख निराळी, वाचन निराळे: एकेक अक्षर रेटणाऱ्या मुलाचे सारे अवधान शब्द जुळवण्यातच खर्ची पडते, आणि पूर्णविराम गाठेपर्यंत वाक्याचा आरंभ तो विसरलेला असतो. हा अडथळा धाकाने नव्हे, आवडीचे पुस्तक घरी नेऊन पुनःपुन्हा मोठ्याने वाचल्याने दूर होतो. ऐकायला मात्र कोणीतरी हवे, मग ती तांदूळ निवडता निवडता हुंकार देणारी निरक्षर आजी का असेना.