विश्लेषण : पुस्तिकेत २४.८, अंजूरफाट्यावर १३? नव्या छोट्या गाडीचे नारपोलीतले गणित

शोरूमच्या दारात नारळ फुटला, बोनेटवर स्वस्तिक निघाले, चाकाखालची लिंबे चिरडली गेली, की पुढचे पंधरा दिवस नव्या मालकाचा डोळा एकाच ठिकाणी असतो. स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यावर. गाडी घेताना सांगितलेला मायलेज आणि तिथे दिसणारा आकडा यांचा मेळ काही बसत नाही. नारपोलीसारख्या ठिकाणी तर तो बसणे अवघडच आहे. एका बाजूला यंत्रमागांच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला गोदामांकडे निघालेले कंटेनर, आणि ठाण्याच्या वाटेवर मेट्रो ५ चे काम. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे पहिली गाडी घेणाऱ्यांचा कल पुन्हा छोट्या हॅचबॅककडे वळला आहे. मात्र हप्ता भरायला लागल्यावर खरा प्रश्न उरतो तो रोजच्या वापराचा.

कंपनीचा आकडा खोटा असतो का?

नाही. पण तो रस्त्यावरचा नसतो. उदाहरणादाखल मे २०२४ मध्ये आलेली चौथ्या पिढीची मारुती स्विफ्ट घेऊ. तिचा जाहीर मायलेज मॅन्युअल गिअरसाठी लिटरला २४.८ किमी आणि ऑटोमॅटिक एएमटीसाठी २५.७५ किमी आहे. ही चाचणी प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर होते. गाडी जागेवरच असते, फक्त चाके फिरतात. सुमारे वीस मिनिटांत साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापले जाते, सरासरी वेग ताशी ३२ किमीच्या घरात असतो आणि एसी बंद असतो. थांबे या चाचणीतही आहेत, पण मोजके आणि ठरलेले.

आता नारपोली ते ठाणे हा रोजचा प्रवास घ्या. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळीची खाडी, बाळकूम. समजा अंतर १२ किमी आणि गर्दीच्या वेळी लागलेला वेळ एक तास. त्यातली २५ मिनिटे गाडी जागच्या जागी उभी आहे असे धरू. एसी चालू ठेवून उभे असलेले छोटे इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पिते. म्हणजे ०.३१ लिटर शून्य किलोमीटरसाठी गेले. उरलेल्या वेळात गाडीने लिटरला २० किमी असे उत्तम काम केले, तरी १२ किमीला ०.६ लिटर. एकूण ०.९१ लिटर, आणि मायलेज १३.२. गाडीत बिघाड नाही, चालवणाऱ्याची चूक नाही. जवळपास एक तृतीयांश पेट्रोल त्या पंचवीस मिनिटांनी खाल्ले. हीच गाडी रविवारी सकाळी सहाला महामार्गावर काढली की मालकाला वाटते, सर्व्हिसिंगवाल्याने काहीतरी जादू केली.

थोडा वाटा इथेनॉलचाही आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नव्या गाड्या त्यासाठी जुळवलेल्या असल्याने घट थोडीच राहते. कोंडीच्या तुलनेत ती किरकोळ आहे, पण चर्चा मात्र तिचीच जास्त होते.

पडद्यावरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा टाकी ते टाकी हिशेब बरा. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरायचे, ट्रिप मीटर शून्य करायचा, तीनशे-चारशे किमीनंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसेच भरायचे आणि भागाकार करायचा. एका खेपेवर निष्कर्ष काढू नये. तीन खेपांची सरासरी खरी.

इंजिन थरथरते, हा दोष आहे का?

जुनी चार सिलिंडरची गाडी विकून नवी घेणाऱ्यांना सिग्नलवर सीटखाली बारीक थरथर जाणवते. नव्या स्विफ्टचे ११९७ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये दर २४० अंशांना. दोन ठोक्यांतले अंतर वाढले की संथ वेगात ते जाणवते. शिवाय तीन सिलिंडरच्या रचनेत इंजिन पुढे-मागे डुलायची प्रवृत्ती असते. ते आवरायला माउंटिंगवर भिस्त ठेवावी लागते. बदल्यात एका सिलिंडरचे घर्षण वाचते आणि इंधन कमी लागते. ताकद मात्र घटली: आधीच्या इंजिनाची सुमारे ९० पीएस, याची सुमारे ८२. अंजूरफाट्याच्या कोंडीत हा फरक कोणाला कळणारही नाही. थरथर मात्र रोज कळते, म्हणून टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर न घेता एसी लावून सिग्नलवर घ्यावी.

पेट्रोल की सीएनजी?

भिवंडीत बहुतेक घरांतला वाद इथेच अडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्विफ्ट सीएनजी आली तेव्हा त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती सुमारे ९० हजारांनी महाग होती. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरू. कोंडीतला मायलेज पेट्रोलवर १४ आणि सीएनजीवर २० धरला, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ७ रुपये ४३ पैसे आणि ४ रुपये. बचत ३ रुपये ४३ पैसे. ९० हजार वसूल व्हायला सुमारे २६ हजार किमी लागतात. महिन्याला पंधराशे किमी फिरणाऱ्याचे पैसे दीड वर्षात सुटतात. आठशे फिरणाऱ्याला पावणेतीन वर्षे लागतात. गाडी फक्त रविवारी आणि लग्नसराईत निघत असेल तर हा वाद घालण्यातच अर्थ नाही.

या हिशेबात पंपावरची रांग धरलेली नाही. आणि डिकीही. पेट्रोल स्विफ्टची डिकी २६५ लिटरची. मागे सिलिंडर आला की त्यात दोन दप्तरे आणि एक पिशवी, एवढाच संसार मावतो. कापडाचे नमुने किंवा एखाद-दुसरा तागा घेऊन फिरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला मग मागची सीट पाडावी लागते. टाटा टियागो सीएनजीमध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले आहेत, म्हणून वर जागा उरते. घरात गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर वॅगन आरही पाहावी. १६७५ मिमी उंचीमुळे तिच्यात वाकून शिरावे लागत नाही आणि पेट्रोल गाडीची डिकी ३४१ लिटरची आहे.

सीएनजीवर ताकद आणखी उतरते, सुमारे ७० पीएसपर्यंत. चार माणसे, सामान आणि कसारा घाट असा बेत असेल तर खालच्या गिअरची सवय ठेवावी लागते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे, त्यामुळे हा घाट आता टाळता येतो. दुपारच्या उन्हात सिलिंडर तापलेला असला की ठरावीक दाबाला गॅस कमी मावतो. उन्हाळ्यात पहाटे भरलेली टाकी जास्त पुरते ते यामुळे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हेही वहीत लिहून ठेवलेले बरे.

नारपोलीत वेगळी काळजी कोणती?

पहिली धुळीची. रस्त्याची धूळ, बांधकामाची धूळ आणि यंत्रमागांच्या गल्लीतला कापसाचा बारीक तूस. धुळीच्या भागात एअर फिल्टर वेळापत्रकापेक्षा लवकर तपासावा असे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतच असते. ती पाने सहसा कोणी उलटत नाही. एसीचा वारा कमी झाल्याची तक्रार घेऊन गॅस भरायला जाण्याआधी केबिन फिल्टर काढून पाहावा. बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळते.

दुसरी क्लचची. कंटेनरच्या मागे इंच-इंच सरकताना अर्धा क्लच दाबून धरायची सवय लागते आणि प्लेट झिजते. एएमटीमुळे डाव्या पायाला आराम मिळतो, पण आत क्लच तोच असतो. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तोही तसाच जळतो.

तिसरी पावसाची. स्विफ्टचा तळ जमिनीपासून १६३ मिमी, म्हणजे जेमतेम वीतभर. कामवारीला पूर आला आणि सखल भागात पाणी भरले की ट्रक निघून जातो म्हणून त्याच्या मागोमाग छोटी गाडी घालू नये. ट्रकची लाट बोनेटपर्यंत येते, हवेच्या नळीतून पाणी इंजिनात शिरते, आणि हवा दाबायला बसलेला पिस्टन पाणी दाबायला जातो. पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये, ढकलत बाहेर काढावी. अशा नुकसानीसाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जोडकलम वेगळे घ्यावे लागते. गाडी घेताना घाईघाईत वाचवलेल्या दोन-चार हजारांत हेच कलम अनेकदा वगळलेले असते. पॉलिसीचा कागद उघडून ते आहे की नाही, हे मे महिन्यातच पाहून घ्यावे.