आयजीआय, तिकोना आणि गेलेली लाईट

मुळशी तालुक्यातल्या पौडला चुलत्यांच्या घरी माडीवर एक असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम आणि दोघांनी उचलावा लागेल असा जड मॉनिटर. २००५ च्या सुमारास उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे ती माडी, आम्ही पाच भावंडं आणि एकच गेम. माऊस दादाच्या हातात, कीबोर्ड माझ्या. तो नेम धरायचा, मी चालायचो. बाकीचे तिघं मागून ओरडायचे, ‘टॉवरवर बघ, टॉवरवर!’

गेमचं पूर्ण नाव ‘प्रोजेक्ट आयजीआय’. त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘आय एम गोइंग इन’, म्हणजे मी आत शिरतोय. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने तो बनवला आणि २००० साली एडॉस कंपनीने बाजारात आणला. नायक डेव्हिड जोन्स हा एसएएस या ब्रिटिश विशेष दलाचा माजी सैनिक. चौदा मिशन, शत्रूचा अख्खा तळ आणि हा एकटा. सोबतीला कानात अन्या नावाच्या बाईचा आवाज, बस. पुढे पुष्कळ गेम खेळलो, पण टेकडीवर पालथं पडून दुर्बिणीतून तळ न्याहाळण्याची ती धाकधूक दुसरीकडे सापडली नाही. ती कशातून येत होती हे मला बऱ्याच वर्षांनी, गेम आतून कसे चालतात हे शिकल्यावर कळलं.

पहिली गोष्ट जमिनीची. त्या काळचे बहुतेक बंदुकीचे गेम खोल्या आणि बोळांमधून चालत. १९९३ चा ‘डूम’ घ्या किंवा १९९६ चा ‘क्वेक’. भिंतीपलीकडचं दिसत नसल्याने ते काढावंही लागत नाही आणि कॉम्प्युटरची मेहनत वाचते. आयजीआयला मात्र मोकळं माळरान, टेकड्या, लांबवर दिसणारे वॉच टॉवर हवे होते. इनरलूपने त्याआधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा विमान उडवण्याचा गेम केला होता. वैमानिकाला मैलोन्‌मैल जमीन दिसावी लागते. त्याच इंजिनाच्या, म्हणजे चित्र मांडणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, जमिनीवर त्यांनी माणूस पायी चालायला सोडला.

एवढी जमीन त्या मशीनला झेपायची कशी? आमच्याकडच्या कोळवणच्या रस्त्यावर उभे राहा. पायाजवळचं भाताचं खाचर बांधासकट, चिखलातल्या खुरांच्या ठशांसकट दिसतं. पलीकडचा डोंगर म्हणजे हिरवट रंगाचा एक पट्टा. आणि तिकोना किल्ला तर नावाप्रमाणे नुसता त्रिकोण. डोळ्याला लांबचे बारकावे दिसतच नाहीत, मग ते काढायचे कशाला? अशी इंजिनं नेमकं हेच करतात. सगळी जमीन त्रिकोणांच्या जाळ्याची असते. खेळाडूच्या जवळ जाळं बारीक विणलेलं, लांब गेलं की विरळ. जवळच्या टेकाडाला शेकडो त्रिकोण मिळतील, दूरच्या डोंगराला मोजून पाच-सात. पाठीमागचं तर काढलंच जात नाही. आपण वळलो की त्या क्षणी मांडलं जातं. हे गणित सेकंदाला वीस-पंचवीस वेळा नव्याने होतं, म्हणून चित्र हलतंय असं वाटतं. चालता चालता समोरच्या डोंगराची कड कधी किंचित उडी मारल्यासारखी हलते, ती विरळ जाळ्याच्या जागी बारीक जाळं आल्याची खूण. तेव्हा आम्हाला वाटायचं, तिथे कोणीतरी लपलंय.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्यांची. प्रत्येक पहारेकरी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. त्याची फेरीची वाट ठरलेली, त्याला पुढचं अमुक एवढं दिसणार, अमुक अंतरावरचा आवाज ऐकू येणार. गेम पुन्हा पुन्हा तपासत राहतो : जोन्स याच्या नजरेच्या टप्प्यात आहे का? गोळीचा आवाज इथपर्यंत पोचला का? उत्तर ‘हो’ आलं की फेरी थांबते आणि पहारेकरी चाल करून येतो. कॅमेऱ्यात दिसलात की सायरन, आणि सायरन झाला की बराकीतून माणसं येतच राहतात. म्हणून सायलेन्सरची बंदूक जपून ठेवायची आणि फेऱ्या पाठ करायच्या. आमच्याकडे शंभर पानी वही होती. तीत दर मिशनचा पेन्सिलने काढलेला नकाशा, टॉवरला गोल, कॅमेऱ्याला फुली.

वहीची गरज पडली ती तिसऱ्या गोष्टीमुळे. मिशनच्या मध्ये गेम सेव्ह करता यायचा नाही. सेव्ह करणं म्हणजे त्या घडीला कोण कुठे उभा आहे, कोणतं दार उघडं आहे, किती गोळ्या उरल्या, हे सगळं रॅममधून उचलून हार्ड डिस्कवर लिहिणं. रॅम ही पाटी. तिच्यातले आकडे सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असतात, तो भार सतत गळतो आणि सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की पाटी कोरी. हार्ड डिस्कवरची खूण चुंबकीय, ती राहते. आयजीआय डिस्कवर लिहायचा ते मिशन पुरं झाल्यावरच. मध्ये मेलात तर पुन्हा पहिल्या टेकडीवरून सुरुवात. २००३ च्या ‘आयजीआय २’ मध्ये मोजकी सेव्ह मिळाली, पण माझ्या मते पहिल्या गेमचा जीव या उणिवेतच होता. शेवटच्या दारापाशी हात थरथरायचे, कारण मागची चाळीस मिनिटं पणाला लागलेली असत.

त्यात ते दिवस भारनियमनाचे, वीज आमच्याच पाण्यावर तयार होत असूनही. आमच्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, १९२७ पासून. ज्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला होता. आजी हे सांगायची, तेही बहुधा लाईट गेलेली असतानाच. तिच्या माहेरची शेतं त्याच पाण्याखाली आहेत.

लाईट गेली की यूपीएस. त्याच्या डब्यात स्कूटरच्या बॅटरीएवढी बॅटरी असते, तिच्या बारा व्होल्टची घरच्यासारखी वीज करून तो मॉनिटर आणि कॅबिनेटला पुरवतो. नवा असताना दहा-पंधरा मिनिटं, आमचा जुना चार-पाच. ‘टुं… टुं…’ वाजत राहायचा आणि बॅटरी उतरत आली की ती टुंटुं जलद व्हायची.

शेवटचं मिशन त्या मे महिन्यात आम्ही अकरा वेळा हरलो होतो. बाराव्या वेळी निम्म्यात लाईट गेली. स्पीकरची पिन काढली, तेवढीच वीज वाचेल म्हणून. खोलीत फक्त मॉनिटरचा उजेड. दादा म्हणाला, ‘थांबू नकोस, चालत राहा.’ वहीवर नजर ठेवून धाकटी बहीण दबक्या आवाजात वाट सांगत होती. टुंटुं जलद झाली. शेवटचा माणूस पडला, पडद्यावर मिशन पुरं झाल्याची अक्षरं आली आणि कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. लिहिलं गेलं होतं. पुढच्या क्षणी मॉनिटर विझला, आणि माडीवरच्या काळोखात आम्ही पाचही जण एवढे ओरडलो की खालून काकू कंदील घेऊन धावत वर आली.