एक कारभारी, दोन हुकूम

२०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची या त्रयीस मिळाले, आणि रोगप्रतिकारास आवर घालणाऱ्या टी-पेशींचे व त्यांतील ‘फॉक्सपी३’ या प्रथिनाचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु हा आवर पेशीच्या आत नेमका कोणत्या ठिकाणी घातला जातो, हा प्रश्न त्या जयघोषात मागे पडला.

टी-पेशी घ्या वा भक्षक पेशी, जनुकांचे दप्तर बहुतांशी तेच असते. त्यातला कोणता रुमाल सोडावयाचा आणि कोणता बांधून ठेवावयाचा, हे ठरविणारे कारभारी म्हणजे ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ या नावाने ओळखली जाणारी प्रथिने होत. टी-पेशीत ‘टी-बेट’चा अंमल बसला की इंटरफेरॉन-गॅमा स्रवते, ‘गाटा-३’चा बसला की इंटरल्युकिन-४, आणि भक्षक पेशीस जिवाणूची चाहूल लागताच ‘एनएफ-कप्पा-बी’ टीएनएफचा रुमाल सोडते; ही सारी सायटोकाइने, म्हणजे पेशींनी एकमेकींस धाडावयाचे निरोप.

या कारभाऱ्यांत माझे विशेष कुतूहल आहे ते ‘एनएफएटी’विषयी. टी-पेशी स्वस्थ असेतो ते फॉस्फेटचे गट अंगावर वागवीत केंद्रकाबाहेर तिष्ठत असते. परक्याची वर्दी येऊन पेशीतील कॅल्शियम वाढले, म्हणजे कॅल्सिन्युरिन नावाचे विकर ते गट काढून घेते आणि त्यास केंद्रकात प्रवेश मिळतो. मूत्रपिंडरोपणानंतर देण्यात येणारे सायक्लोस्पोरिन या विकरासच अटकाव करते. मग एनएफएटी बाहेरच अडते; साहजिकच टी-पेशींची संख्या वाढविणाऱ्या इंटरल्युकिन-२चा हुकूम सुटत नाही आणि परके मूत्रपिंड अंगी लागण्याची आशा वाढते.

खरी मौज मात्र पुढेच आहे. केंद्रकात शिरलेल्या या प्रथिनास ‘एपी-१’ या दुसऱ्या कारभाऱ्याची जोड मिळाली तर इंटरल्युकिन-२चे जनुक जागे होते, आणि फॉक्सपी३ची मिळाली तर तेच जनुक मिटते! अंजना राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली, फॉक्सपी३चा एनएफएटीस भिडणारा पृष्ठभाग बदलून पाहिला, तेव्हा ते जनुक मिटविण्याचे व इतर टी-पेशींस दाबात ठेवण्याचे त्याचे सामर्थ्य ओसरले. नोबेलच्या वार्तांत या संशोधनास चार ओळी मिळावयास हरकत नव्हती.

एकाच प्रथिनाकरवी परस्परविरुद्ध हुकूम सुटतात, तिथे प्रतिकारशक्ती सरसकट ‘वाढविणे’ या बोलण्यास अर्थ उरत नाही. तसा दावा करणारी बाटली कोणी पुढे केली, तर वाचकांनी खुशाल विचारावे: कोणत्या पेशीतली, आणि कोणते सायटोकाइन?