कोसा सूत : रंगाई व क्रोशाकाम

टसर पतंगाच्या (अँथेरिया मायलिट्टा) कोशापासून काढलेले रेशमी सूत. महाराष्ट्रात ते भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत तयार होते. वैनगंगेच्या खोऱ्यात कोशाला व त्यापासून विणलेल्या कापडालाही ‘कोसा’ म्हणतात. हे सूत मुख्यत्वे हातमागावर विणले जाते. तथापि हाताने रंगविल्यास ते क्रोशाकामासही उपयोगी पडते.

कोसा व सूत : टसरच्या अळ्या घरात न पाळता जंगलातील ऐन व अर्जुन या वृक्षांवर सोडतात. पूर्व विदर्भात हे काम परंपरेने ढिवर समाज करीत आला आहे. अळी चार वेळा कात टाकते व पाचव्या अवस्थेच्या अखेरीस देठासह कठीण कोश विणते. तोपर्यंत पक्षी, मुंग्या व गांधीलमाशा यांपासून रात्रंदिवस राखण करावी लागते.

कोशात टॅनीन असल्याने तो साध्या पाण्यात उकलत नाही. सोडा घातलेल्या पाण्यात शिजवून मऊ करावा लागतो. अखंड कोशापासून सलग धागा निघतो. पतंग बाहेर पडल्याने भोक पडलेल्या व अन्य निरुपयोगी कोशांपासून ‘घिच्चा’, धागा काढून उरलेल्या भागापासून ‘कटिया’ आणि देठांपासून ‘बलकल’ ही जाडसर सुते कातली जातात. स्त्रिया उघड्या मांडीवर धागा वळून सूत काढीत. त्यामुळे त्वचेला इजा होई आणि दिवसाकाठी सूतही थोडेच निघे. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ हे सूत काढण्याचे यंत्र प्रसारात आणले. [→ रेशीम].

करवती काठ : मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकामासाठी प्रसिद्ध आहे. विदर्भातील करवती काठाच्या साडीचे अंग कोशाचे व काठ रंगीत सुती असतो. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी साधण्यासाठी तीन धोटे वापरतात. या वस्त्रास भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. अंगाचे सूत बहुधा त्याच्या नैसर्गिक मधाळ रंगातच ठेवीत. त्यामुळे काठाच्या रंगास उठाव येई.

रंगाई : तुतीच्या रेशमाच्या मानाने कोसा सूत रंग सावकाश घेते. म्हणून प्रथम लड्या साबणाच्या सौम्य द्रावणात तापवून त्यांतील सेरिसीन हा डिंक काढून टाकतात. मूळचा रंग पिवळट-तपकिरी असल्याने गडद छटा सहज साधतात. फिकट छटांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडाने विरंजन करावे लागते.

वनस्पतिज व प्राणिज रंगांसाठी तुरटी हे नेहमीचे रंगबंधक होय. सुताच्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के तुरटी पुरते. पळसाच्या फुलांपासून पिवळा व लाखेपासून किरमिजी रंग मिळतो. पळस आणि त्यावर वाढणारी लाख ही दोन्ही या भागातील वनसंपत्ती होय. हिरडा व हिराकस यांच्या संयोगाने करडा ते काळा रंग येतो; मात्र हिराकस अधिक झाल्यास धागा ठिसूळ बनतो. तांबड्या रंगासाठी पूर्वी मध्य भारतात आलीची मुळे वापरीत. १८६८ मध्ये ॲलिझरिनाचा कृत्रिम शोध लागल्यानंतर हा व्यवसाय मागे पडला. आता बहुतेक ठिकाणी संश्लेषित रंजक वापरले जातात.

रंगाचे पाणी हळूहळू ८०° ते ९०° से.पर्यंत तापवितात, खळखळून उकळल्यास सुताची चकाकी जाते. लडी सैल बांधून सतत फिरवीत राहिल्यास डाग पडत नाहीत. पाण्यात लोह असल्यास पिवळा व तांबडा रंग काळवंडतो.

क्रोशाकाम : आकडीदार सुईने एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवून केलेले हे विणकाम एकोणिसाव्या शतकात यूरोपात रूढ झाले व मिशनऱ्यांमार्फत भारतात आले. साखळी, मुका खांब व खांब हे त्याचे मूलभूत टाके होत. पुढून उघडणाऱ्या, गुंड्यांच्या स्वेटरास कार्डिगन म्हणतात. ते नाव कार्डिगनच्या सातव्या अर्लवरून पडले.

अशा स्वेटरासाठी घिच्चा सूत विशेष योग्य. त्याच्या खडबडीतपणामुळे त्यात हवा अडकून ऊब राहते. परंतु रेशमास लोकरीसारखी लवचिकता नसते. स्वेटर स्वतःच्या वजनाने लोंबू नये म्हणून मुक्या खांबांची घट्ट वीण घालतात, खांद्याच्या शिवणीस आधार देतात किंवा लोकरीचा धागा सोबत घेतात. प्रथम लहान नमुना विणून, धुऊन व वाळवून मगच टाके मोजावेत. प्रौढ व्यक्तीच्या स्वेटरास साधारणतः अर्धा किलोग्रॅम सूत लागते. हाताने रंगविलेल्या दोन घाण्यांची छटा तंतोतंत जुळत नाही. म्हणून सर्व सूत एकदम रंगवितात, अथवा दोन लड्यांतील धागे एकाआड एक ओळींत वापरून फरक लपवितात.

आर्थिक बाजू : अखंड कोश मागाच्या सुतासाठी लागतो, तर भोक पडलेल्या कोशास कमी भाव येतो. घिच्चा सूत गावातच कातले व रंगविले गेले, तर त्या मालाचे मोल वाढते आणि सूत काढणाऱ्या स्त्रियांचा मोबदलाही. मात्र पक्का रंग ही त्याची पहिली अट होय. पहिल्याच धुण्यात रंग उतरला, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, आणि त्याचा फटका शेवटी जंगलात कोश राखणाऱ्यापर्यंत पोहोचतो.